खान्देशातील ‘भरताचं वांगं’ : बोली, म्हण आणि बियाणे

जळगाव-धुळ्याकडे ‘भरताचं वांगं’ म्हणजे कोणतेही मोठे वांगे नव्हे. फिकट हिरवे, कमी बियांचे स्थानिक वांगे. ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात नुसते ‘भरताचे बी’ मागितल्यास जांभळे वाणही मिळू शकते. रंग सांगूनच मागा.

चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य. ते चंपाषष्ठीला, म्हणजे ‘वांगेसटी’ला सुटते. (नियम मोडणारेही असतात, म्हणून तर ‘पुराणातली वांगी पुराणात’!) पुढे थंडीत भरीत-पार्ट्यांची मागणी असते. पुनर्लागवडीनंतर पहिली तोडणी साधारण ६०-७० दिवसांनी येते, त्या बेताने रोपे लावा.

घरचे बी धरताना दुसरे वाण किमान १०० मीटर दूर ठेवा. मधमाश्या-भुंग्यांमुळे संकर झाला, तर पुढच्या हंगामात भलत्याच रंगाची, बियाळ फळे निघतात.