पदवी हाती, दोन हंगाम शिल्लक

सन २०१७. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू कॅमेरॉन जॉन्सन तीन वर्षांतच पदवीधर झाला. तेथे खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येत. पहिला हंगाम दुखापतीमुळे हिशेबात धरला गेला नव्हता; म्हणून त्याचे दोन हंगाम उरले होते.

विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूने एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे, हा एनसीएए या नियामक संस्थेचा जुना दंडक. पदवीधरांना २००६ साली त्यातून सूट मिळाली. सदस्य विद्यापीठांनी २००७ मध्ये ती मोडीत काढली, तरी अपवादाच्या वाटेने ती तगली.

जॉन्सनला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जायचे होते. ते पिट्सबर्गच्याच साखळीतले, म्हणजे थेट प्रतिस्पर्धी. तेथे गेल्यास वर्षभर खेळता येणार नाही, अशी अट पिट्सबर्गने घातली.

आता विसंगती पाहा. त्याला संघात घेणारे प्रशिक्षक जेमी डिक्सन २०१६ मध्येच टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात गेले होते. त्यांच्या जागी केविन स्टॉलिंग्ज आले, तेही व्हँडरबिल्ट सोडून. या पगारदार गुरूंना एका सामन्यापुरतेही थांबावे लागले नाही. बिनपगारी शिष्याला मात्र वर्षभराची शिक्षा!

जॉन्सनने जाहीर निवेदन काढले. जूनमध्ये विद्यापीठ नमले. नॉर्थ कॅरोलायनाकडून दोन्ही हंगाम खेळून २०१९ च्या एनबीए निवडीत त्याने अकरावे स्थान मिळवले.

पुढे २०२१ मध्ये पदवी नसलेल्यांनाही एकदा न थांबता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. २०२३ च्या डिसेंबरात प्रकरण वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयात पोहोचले, आणि २०२४ मध्ये ‘एकदाच’ ही मर्यादाही उठली.