मालधन्याची जोखीम

एखादी वस्तु दूरगांवीं पाठवावयाची म्हणजे ती कांहीं काळ परक्याच्या हवालीं करावयाची. हवालीं करतांना ती शाबूत असते. पलीकडे पोंचल्यावर ती कशी निघेल हें मधल्या वाटेवर अवलंबून असतें. आणि त्या वाटेंत काय घडलें हें ज्याला ठाऊक असतें, त्याला तें सांगण्याची इच्छा क्वचितच असते. फुटकी बरणी, चेपलेली करंडी, कोपरा मोडलेली पेटी यांविषयींची आपली सारी कुरकुर एवढ्यांत सामावते. पण वस्तु फुटणें हा दैवाचा किंवा हमालाच्या हाताचा प्रश्न झाला. फुटल्यावर नुकसान कोणीं सोसावें हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याला दीर्घ इतिहास आहे. नागपूर शहराच्या आधारानें तो वाचकांपुढें मांडावा असा आमचा हेतु आहे. कापसासारखा अवजड आणि संत्र्यासारखा नाजूक असे दोन्ही माल या शहरानें देशोदेशीं पाठविले. तेव्हां या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथें एकाच फलाटावर पाहावयास मिळतात.

आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाड-नागपूरचा कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून शेंकडों मैल दूर मिर्झापुरास जाई व तेथून गंगेच्या पात्रांतून नावांनीं कलकत्त्यास उतरे. पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल होऊन वाटा बंद पडत. उन्हाळ्यांत धूळ मालांत शिरे. जी. आय. पी. रेल्वेचा पुरस्कर्ता जॉन चॅपमन यानें सन १८५१ मध्यें हिंदुस्थानच्या कापसावर ग्रंथ लिहिला, त्याच्या मुळाशीं वाहतुकीची हीच दैना होती. तथापि त्या जुन्या व्यवस्थेला एक गुण होता. 'हुंडेकरी' हा शब्द आज आडनांवापुरता उरला आहे. पण त्या काळीं ठरीव रकमेंत माल पोंचविण्याचा व वाटेंतील जकाती चुकविण्याचा मक्ता घेणाऱ्या मनुष्याचें तें नांव होतें. 'विमा' हा शब्दही 'भय' या अर्थाच्या फारसी 'बीम' शब्दापासून आलेला आहे. भय कोणाचें, तें कोणीं किती पैशांत पत्करलें, हें सारें तोंडओळखीनें ठरे. माल बुडाला तर कोणाच्या दारीं जावयाचें हें पाठविणारास माहीत असे.

सन १८६७ मध्यें मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली आणि हें चित्र पालटलें. कापूस दाबून ३९२ पौंडांच्या गांठी बांधण्याची पद्धत रुळली. अवजड माल आटोपशीर झाला. जमशेटजी टाटांनीं स्थानकाजवळच्या दलदलीच्या जागेंत भर घालून एम्प्रेस मिल उभारली व ती सन १८७७ च्या आरंभीं सुरू केली, तेव्हां विलायती यंत्रें येथवर आणणें शक्य झालें तें या लोहमार्गामुळेंच. परंतु पुढें सन १८८० पासून नागपुराच्या पूर्वेस छत्तीसगडकडे जो मार्ग निघाला तो मीटरगेज होता. मुंबईकडून आलेला माल रुंद मार्गाच्या डब्यांतून उतरवावयाचा आणि अरुंद मार्गाच्या डब्यांत चढवावयाचा, असा दुहेरी प्रसंग तो मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेनें सन १८८८ च्या सुमारास रुंद करीपर्यंत चालला. छिंदवाड्याच्या नॅरोगेजवर तर, सावनेराकडील मालाच्या नशिबीं ही उलथापालथ पुढें कित्येक दशकें राहिली. लोखंडाला वा कापसाच्या गांठीला तिचें काय? पण ज्या मालाला मोजक्याच हातांचा स्पर्श सोसतो, त्याला प्रत्येक उतरणावळ म्हणजे एक घाव असतो.

असा माल म्हणजे नागपुरी संत्रें. भोसल्यांच्या काळांत औरंगाबादेकडून त्याचीं कलमें आलीं असें सांगतात. या फळाची साल सैल असते. सोलावयास जितकी सोयीची, तितकीच दाब सोसावयास दुबळी. करंडींतील एक फळ चेपलें कीं त्याचा रस शेजारच्यास लागतो, आणि उष्ण डब्यांत दोन दिवस अडकलेली करंडी उघडतांच आंतली कथा वासावरूनच कळते. आंबिया बहाराचीं फळें हिवाळ्याच्या आरंभीं व मृगाचीं त्याच्या अखेरीस निघतात. दोन्ही वेळीं काटोल, नरखेड, सावनेर इकडील बागाईतदाराची वर्षाची कमाई थोड्या आठवड्यांत पार्सलाच्या स्वाधीन होते.

आतां कायदा पाहूं. सन १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ७२ व्या कलमानें रेल्वेवर, ठेव सांभाळणाऱ्यावर असते तितकीच जबाबदारी ठेविली: सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी तिनें घेतली कीं पुरे. आणि एवढीही जबाबदारी पाठविणाराच्या सहीनें कमी करून घेण्याची मुभा तिला होती. त्या सहीच्या कागदास 'रिस्क नोट' म्हणत. दर दोन असत: रेल्वेच्या जोखमीचा महाग आणि मालधन्याच्या जोखमीचा स्वस्त. आधींच भाड्यानें जेरीस आलेला व्यापारी स्वस्त दराकडे वळे, हें सांगावयास नको.

'बी' नमुन्याच्या जुन्या रिस्क नोटेंतील अट तर मासलेवाईक होती. संपूर्ण माल, किंवा त्यांतील एखादा संपूर्ण नग, नोकरांच्या चोरीमुळें अथवा जाणूनबुजून केलेल्या हयगयीमुळें गहाळ झाला, तरच भरपाई, एरव्हीं नाहीं. म्हणजे अख्खी करंडी नाहींशी झाली तर दाद मागावयास जागा होती. पण करंडी पोंचली आणि आंतलीं निम्मीं संत्रीं वाटेंतच कोणीं खाल्लीं, तर मालधन्यानें रिकाम्या करंडीबद्दल समाधान मानावें! शिवाय हयगय झाली हें सिद्ध करावयाचें कोणीं? ज्यानें गाडी पाहिलीही नाहीं त्यानें. ॲक्वर्थ समितीच्या सन १९२०-२१ मधील चौकशीनंतर हा अन्याय चव्हाट्यावर आला व सन १९२४ मध्यें नमुने बदलले. माल वाटेंत कसा हाताळला गेला हें उघड करण्याचा भार रेल्वेवर आला. आमच्या मतें या इतिहासांतील खरें वळण हेंच. भरपाईच्या रकमेपेक्षां पुराव्याचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, यावरच दुबळ्याचा न्याय अवलंबून असतो.

१ जानेवारी १९६२ पासून रेल्वे सार्वजनिक वाहक मानली गेली. ईश्वरी आपत्ति, युद्ध, मालाचा अंगभूत दोष, पाठविणाराची चूक अशीं ठरीव कारणें सोडल्यास नुकसान तिचें, असा नियम झाला व तो सन १९८९ च्या कायद्यांतही राहिला. दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झालें. त्याचें एक पीठ नागपुरास आहे. पण मालधन्याच्या जोखमीचा दर नव्या कायद्यांतही आहे, आणि त्या दरानें माल पाठविल्यास हयगय शाबीत करण्याचें जुनें ओझें पुन्हां पाठविणाराच्याच शिरीं येतें. टपालाचें तर बोलावयासच नको: सरकारनें स्वतः होऊन पत्करलेली जबाबदारी सोडून अन्य जबाबदारी नाहीं, हें सन १८९८ च्या कायद्याचें तत्त्व सन २०२३ च्या कायद्यानेंही सोडलेलें नाहीं.

या साऱ्या कायद्यांतून शंभराचा आंकडा चमत्कारिक रीतीनें डोकावतो. सन १८६५ च्या वाहक कायद्यानें कांच, चिनी मातीचीं भांडीं, घड्याळें इत्यादि मौल्यवान् वस्तूंचें मूल्य १०० रुपयांवर असल्यास तें आधीं सांगण्याची अट घातली. रेल्वे कायद्यानेंही सन १८९० मध्यें तीच मर्यादा धरली. आणि सन १९९६ मध्यें परदेशीं पाठविलेल्या पाकिटाविषयींच्या एका कुरिअर कंपनीच्या खटल्यांत, सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरांची मर्यादा छापलेली असल्यामुळें ती पाठविणारावर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. सव्वाशें वर्षांत नाणें बदललें. युक्ति तीच राहिली. मूल्य सांगा, जादा पैसे भरा, मग आम्ही जबाबदार.

ही युक्ति सर्वस्वीं अन्यायाची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पेटींत हिरे आहेत कीं चिंध्या, हें वाहकास कळल्यावांचून त्यानें किती जपावें हें तो तरी कसें ठरविणार? पण अट समजून सही करणें आणि खिडकीपुढील गर्दींत बारीक अक्षरांवर सही करणें, यांत अंतर आहे. हुंडेकऱ्याशीं घासाघीस करतां येत असे. छापील पावतीशीं ती करतां येत नाहीं. म्हणून कायद्यानें दुबळ्याच्या वतीनें ती आधींच करून ठेवावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. काटोलच्या बागाईतदारानें रात्रभर जागून गवतांत बसविलेलें संत्रें परमुलखांत चेपलेलें निघालें, तर वाटेंत त्याचें काय झालें हें सांगण्याचें ओझें, ज्याच्या हातीं तें होतें, त्याच्यावरच असलें पाहिजे.