पारनेरचा पाषाण, प्रवरेची पांढरी

पारनेर तालुक्यातल्या सुपा परिसरात विहीर खणायला घेतली की आधी मुरूम लागतो, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मध्येच कुठे तांबड्या मातीचा पट्टा येतो. विहीर खणणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातले हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, निवला, पुन्हा उसळला. मांजऱ्यातली छिद्रे ही त्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तयार झालेली आणि पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली माती. अशा थरांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. सुपा, पारनेर, कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या, सगळे त्यावरच उभे आहे.

प्राचीन अवशेष आणि ज्वालामुखी एकाच सहलीत पाहायचे तर युरोपातले विद्यार्थी इटलीला जातात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले, त्या गल्ल्यांतून हिंडतात. दख्खनची गोष्ट याच्या उलट आहे. इथल्या लाव्ह्याने एकही गाव गाडले नाही, कारण तेव्हा माणूसच नव्हता. पुढे माणूस आला तेव्हा त्याच दगडाने त्याला हत्यार दिले, काळी जमीन दिली आणि लेणे कोरायला कडा दिला.

हे उलगडले ते नदीकाठाने पायी हिंडणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि हसमुख धीरजलाल सांकलिया तिथे पुरातत्त्व शिकवू लागले. त्यांच्या शिकवण्यात वर्गाइतकेच महत्त्व नदीच्या दरडीला होते. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तांबड्या खापरावर काळी नक्षी काढणाऱ्या, लांब तोटीची भांडी घडवणाऱ्या एका संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. आज पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ‘जोर्वे’ म्हटले की ते खापर डोळ्यांपुढे येते.

१९५४ ते ५६ या काळात या शिक्षक-विद्यार्थ्यांचा नेवाशाला मुक्काम पडला. ज्ञानेश्वरीमुळे हे गाव घराघरांत माहीत होते. प्रवरेच्या दरडीने त्याचे वय लाखो वर्षे मागे नेले. नदीच्या गोट्यागाळात अश्मयुगीन हत्यारे मिळाली. टेकाडात ताम्रपाषाणयुगीन वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा आणि त्यावर मध्ययुग असे थर निघाले. पाषाणाशी असलेले नाते इथे फार जवळून दिसते. लाव्ह्यातल्या पोकळ्यांत पुढे सिलिका साठून गारगोट्या तयार झाल्या. पाषाण झिजला, गारगोट्या नदीत आल्या. त्या फोडून नेवाशाच्या माणसांनी बोटाएवढी पाती काढली. मांस कापायला, कणसे खुडायला तीच पाती. तांबे दुर्मीळ होते, गारगोटी पायाखाली होती.

मूल दगावले तर ही माणसे त्याला घरातल्या जमिनीखालीच पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मूल. नेवाशाला अशाच एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तिचा दोराही थोडा शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशमाचा आणि कापसाचा धागा निघाला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणी तरी तो आपल्या लेकरासाठी ओवला होता. खड्ड्यात उकिडवे बसून कुंच्याने माती झाडणाऱ्याला इतिहासाचा याहून मोठा धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

सुप्याहून पुण्याच्या दिशेने निघाले की शिरूर लागते. त्या तालुक्यातले घोड नदीवरचे इनामगाव म्हणजे डेक्कन कॉलेजची खरी कार्यशाळा. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली १९६८ ते १९८३ पर्यंत तिथे उत्खनन चालले. एवढ्या विस्ताराने उकललेले शेतकरी गाव देशात क्वचितच असेल. शंभराहून जास्त घरे, पाच खोल्यांचे प्रमुखाचे घर, पाटाचे पाणी, जवाचे दाणे. इसवी सनपूर्व १००० नंतर मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, भांडी ओबडधोबड होतात आणि इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. कमी होत गेलेल्या पावसाशी ढवळीकरांनी याचा संबंध जोडला. पारनेर-शिरूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात, बोरी गावाजवळ कुकडीच्या दरडीत एक फिकट राखेचा थर आहे. त्याचा दख्खनच्या लाव्ह्याशी संबंध नाही. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. ती नेमकी कोणत्या उद्रेकाची, यावर बरीच वर्षे वाद झाला. हजारो किलोमीटरवरून वाऱ्याने आलेली राख आणि तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारे! हीच कुकडी खाली निघोजला येते. तिथे पुराच्या भोवऱ्यात गोटे गरागरा फिरून पात्रातल्या काळ्या पाषाणात रांजणखळगे झाले आहेत. वडगाव दर्याला त्याच पाषाणाच्या कपारीत ठिबकणाऱ्या पाण्याने चुन्याचे स्तंभ घडवले आहेत आणि टाकळी ढोकेश्वरला कारागिरांनी डोंगर कोरून शिवाचे लेणे केले आहे. ही तिन्ही ठिकाणे पारनेर तालुक्यातच आहेत.

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, तेही एका भिल्ल शेतकऱ्याला. चारही मिळून ६० किलोंहून जड. त्याच्या हाती ते लागले नसते तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो, कारण जुन्या वस्त्यांच्या टेकाडांची पांढरी माती खत म्हणून शेतात पसरायची चाल जुनी आहे. गाडी भरते आणि एक थर कायमचा जातो.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळांना एक विनंती. वॉटर पार्कची सहल पुढच्या वर्षी करा. यंदा एक दिवस निघोज, वडगाव दर्या, ढोकेश्वर आणि एक दिवस नेवासा ठेवा. टेकाडावर नक्षीचे खापर दिसले तर मुलांनी ते खिशात घालू नये; फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.