मूलकोशिका प्रतिरोपण : पालकांची शुश्रूषा

मूलकोशिका प्रतिरोपण : पालकांची शुश्रूषा : अस्थिमज्जेतील, परिसरीय रक्तातील किंवा नाळेच्या रक्तातील रक्तजनक मूलकोशिका रोग्याच्या शरीरात सोडून रक्तनिर्मिती नव्याने सुरू करणे, याला मूलकोशिका प्रतिरोपण म्हणतात. श्वेतकोशिकार्बुद, अ‍ॅप्लास्टिक पांडुरोग, थॅलॅसेमिया व जन्मजात रोगप्रतिकारन्यूनता या विकारांत मुलांवर हा उपचार करतात. प्रतिरोपण रुग्णालयात होत असले, तरी नंतरची कित्येक महिन्यांची शुश्रूषा मुख्यतः आईवडिलांनाच करावी लागते. हा अधिकार व हा भार त्यांच्याकडे गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच आला.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील पुष्कळ रुग्णालयांत पालकांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. भेटीमुळे मूल रडते व संसर्ग पसरतो, अशी समजूत होती. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये रुग्णालयातील दोन वर्षांच्या एका मुलीवर लघुपट तयार करून, शांत दिसणारे मूल सुखी असतेच असे नाही, हे दाखवून दिले. प्लॅट समितीने 1959 मध्ये पालकांना मुक्तपणे भेटू द्यावे आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहू द्यावे, अशी शिफारस केली.

याच काळात डॉनल टॉमस यांनी अमेरिकेत अस्थिमज्जेचे पहिले प्रयोग केले (1957). आरंभीचे बहुतेक रोगी दगावले. 1968 मध्ये मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगप्रतिकारन्यूनता असलेल्या एका अर्भकावर त्याच्या बहिणीची मज्जा वापरून यशस्वी प्रतिरोपण केले. तथापि या उपचारासाठी मुलाला विलग ठेवणे अपरिहार्य असल्याने, पालकांना नुकतेच उघडलेले दार पुन्हा अंशतः बंद झाले. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे ह्यूस्टन येथील डेव्हिड व्हेटर (1971–84). जन्मतःच त्याला निर्जंतुक प्लॅस्टिक कक्षात ठेवण्यात आले व बारा वर्षे आईवडिलांनी त्याला केवळ हातमोज्यांतून स्पर्श केला. बहिणीच्या मज्जेतील सुप्त विषाणूमुळे प्रतिरोपणानंतर त्याला अर्बुद झाले. अखेरच्या दिवसांत तो कक्षाबाहेर आला, तेव्हाच आईला त्याला उघड्या हाताने स्पर्श करता आला.

काही पालकांनी या असहायतेतून सार्वजनिक कार्य उभे केले. कुटुंबात जुळणारा दाता न मिळाल्याने शर्ली नोलन यांनी 1974 मध्ये लंडन येथे दात्यांची नोंदवही सुरू केली. त्यांचा मुलगा अँथनी 1979 मध्ये दाता न मिळताच वारला. नोंदवहीचा उपयोग मात्र इतर असंख्य रोग्यांना झाला.

शुश्रूषेचे स्वरूप : प्रतिरोपणापूर्वी तीव्र औषधे वा किरणोत्सर्ग देऊन रोग्याची मज्जा नष्ट करतात. नवी मज्जा रुजण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. पहिले शंभर दिवस विशेष जोखमीचे मानले जातात. मूल घरी आल्यावर वेळच्या वेळी औषधे देणे, ताप मोजणे, मध्यवर्ती शिरेतील नळी स्वच्छ ठेवणे, ताजे शिजविलेले अन्न देणे, पुरळ व अतिसार यांसारखी दात्याच्या कोशिकांच्या प्रतिक्रियेची लक्षणे ओळखणे, ही कामे पालकांवर येतात. रोगप्रतिकारशक्ती सावरण्यास वर्ष किंवा अधिक काळ लागतो व बालपणीच्या लसी पुन्हा टोचाव्या लागतात. दाता भावंड असेल, तर एका मुलाच्या जिवासाठी दुसऱ्या निरोगी मुलाच्या वतीनेही संमती द्यावी लागते.

मानसिक बाजू : फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये कर्करोगग्रस्त मुलांच्या पालकांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. रोगाची माहिती मिळविण्याची धडपड, स्वतःला दोष देणे व भावना दूर ठेवणे, हे प्रकार त्यांत आढळले. लाझारस व फोकमन यांनी 1984 मध्ये अडचण सोडविण्याचे प्रयत्न व भावना सावरण्याचे प्रयत्न असे दोन वर्ग मांडले. ताप आल्यास काय करावे हे शिकणे पहिल्यात मोडते. परंतु रोग उलटेल की नाही, हे पालकांच्या हाती नसते. तेथे प्रार्थना, आप्तांशी बोलणे किंवा केवळ आजच्या दिवसापुरता विचार करणे, यांचा आधार होतो. पुढील अभ्यासांत असे दिसून आले, की पालकांचा ताण दाखल होण्याच्या सुमारास अधिक असतो व बहुतेकांत तो हळूहळू उतरतो. काही मातांत मात्र चिंता व क्लेशकारक आठवणी दीर्घकाळ टिकतात. मुलापुढे धीर धरणारे पालक आपली गरज सहसा बोलून दाखवीत नाहीत. त्यामुळे वैद्यांनी ती आपणहून विचारणे आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रतिरोपण केले. वेल्लोर येथे हे काम 1986 मध्ये सुरू झाले. प्रतिरोपणाची केंद्रे मोठ्या शहरांत असल्याने खेड्यांतील कुटुंबांना महिनोन् महिने घर सोडून राहावे लागते. बहुधा आई मुलाजवळ राहते, वडील कमाईसाठी परततात व इतर भावंडे आजीआजोबांकडे राहतात. कर्करुग्ण मुलांच्या कुटुंबांसाठी मुंबईत 2006 मध्ये सेंट ज्यूड संस्थेने निःशुल्क निवासाची सोय केली. थॅलॅसेमियाग्रस्त मुलांच्या प्रतिरोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून 2017 मध्ये अर्थसाहाय्य योजना सुरू झाली. निवास व पैसा यांची विवंचना दूर झाली, तरच पालकांना मुलाच्या शुश्रूषेकडे पूर्ण लक्ष देता येते. म्हणून अशी मदत हा उपचाराचाच भाग मानणे इष्ट होय.