‘छापून प्रसिद्ध केले’ : लघुअनियतकालिकांचा निर्मितिव्यवहार

‘लघुअनियतकालिक’ ही संज्ञा ‘लिट्ल मॅगझिन’ ह्या इंग्रजी संज्ञेला पर्याय म्हणून मराठीत रुळली असली, तरी ती तिचे भाषांतर नव्हे. इंग्रजी संज्ञा केवळ आकाराविषयी बोलते. मराठी संज्ञेने आकाराच्या जोडीला काळ आणला, आणि तोही नकारार्थी. अंक केव्हा निघेल, पुढचा निघेल की नाही, ह्याविषयी कोणतेही वचन न देणे हा ह्या प्रकाशनांचा नावातच सांगितलेला गुणधर्म होय. साठोत्तरी साहित्याच्या चर्चेत भाषेची मोडतोड, अश्लीलतेचा वाद, प्रस्थापितांविरुद्धचे बंड ह्यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. ही पाने कोणी, कशी आणि कोणत्या व्यवस्थेच्या बाहेर राहून तयार केली, हा प्रश्न मात्र बहुधा किस्से आणि आठवणी ह्यांच्यावर सोपवला गेला. वस्तुतः तो वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे.

अनियतपणाचा अर्थ प्रथम व्यवहारात पाहावा लागतो. १८९८च्या भारतीय डाक कायद्यान्वये वृत्तपत्र म्हणून टपालखात्यात नोंदणी व्हायची, तर दोन अंकांतील अंतर एकतीस दिवसांहून अधिक असून चालत नसे आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी लागे. ह्या नोंदणीवरच टपालदराची सवलत अवलंबून होती. म्हणजे नियतकालिकाची ‘नियतता’ ही निव्वळ संपादकीय शिस्त नव्हती. शासन, टपाल आणि वर्गणीदार ह्यांच्याशी केलेला तो करार होता. ज्यांनी हा करार नाकारला त्यांना सवलतही नव्हती आणि यादीही नव्हती. अंक हातोहात जात, मित्रांच्या मार्फत जात, वा पूर्ण टपालखर्च सोसून जात. अनियतपणाला वैचारिक भूमिका म्हणून मांडताना त्याची ही किंमतही मोजली पाहिजे.

१९५०च्या दशकाच्या मध्यास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदी तरुणांनी काढलेले ‘शब्द’ हे चक्रमुद्रित होते. सायक्लोस्टाइलचे तंत्र मूलतः कचेऱ्यांसाठी जन्मले. डेव्हिड गेस्टेटनरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेली ही पद्धती परिपत्रके आणि नोटिसा काढण्यासाठी जगभर पसरली. मेणाचा थर असलेल्या कागदावर टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करून अक्षरे कापायची, किंवा टोकदार सळईने हाताने लिहायचे. मग ती स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचे. देवनागरी टंकयंत्राच्या मोजक्या कळांत जोडाक्षरांची जी ओढाताण होई, ती हाताने कापलेल्या स्टेन्सिलमध्ये होत नसे. चित्र आणि अक्षर एकाच हाताने, एकाच पृष्ठावर उतरू शकत. एका स्टेन्सिलवरून निघणाऱ्या प्रती काही शेकड्यांच्या घरात असत; त्यानंतर कागद फाटू लागे. वाचकसंख्येची मर्यादा अशी यंत्रातच होती.

ह्या स्वयंनिर्मितीला देशी पूर्वपरंपरा होती. शाळा, वसतिगृहे आणि मंडळे ह्यांमधून निघणाऱ्या हस्तलिखित अंकांनी लेखक, चित्रकार, लेखनिक आणि संपादक ह्या भूमिका एकाच टेबलाभोवती आणल्या होत्या. अमेरिकेतील विज्ञानकथांच्या वाचकांनीही १९३०पासून अशीच घरगुती पत्रे काढली. त्यांना १९४०मध्ये मिळालेल्या ‘फॅनझिन’ ह्या नावातूनच आजचा ‘झीन’ हा शब्द आला. दोन्ही ठिकाणी वाचकाने निर्मितीची साधने हाती घेतली. मात्र विज्ञानकथेचा वाचक आपल्या आवडत्या मासिकांच्या प्रेमापोटी लिहिता झाला, तर मराठीतील तरुण लेखक आपल्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित मासिकाशी भांडत लिहिता झाला.

ते मासिक म्हणजे ‘सत्यकथा’. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ह्यांच्या साक्षेपी संपादनाने मराठी कथा-कवितेची एक अभिरुची घडवली, ह्यात शंका नाही. परंतु संपादकीय संस्कार म्हणजे लेखक आणि वाचक ह्यांच्यामध्ये उभी असलेली एक निवडयंत्रणाही होती. अशोक शहाणे ह्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे ह्यांचे ‘वाचा’, राजा ढाले ह्यांचे ‘येरू’ ह्यांनी ही यंत्रणा सुधारण्याची मागणी केली नाही. तिच्या शेजारून वाट काढली. ढाले ह्यांचा ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख आणि ‘सत्यकथे’च्या अंकाची ‘मौज’च्या दारात झालेली होळी ह्या घटना नेहमी सांगितल्या जातात. त्यांच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट ही, की होळी करणाऱ्यांच्या हाती स्वतःचे पान होते.

तरीही अनियतपणाला निरपवाद मूल्य मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे ह्यांनी सुरू केलेले ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक होते आणि ते दशकानुदशके चालले. ज्यांना साहित्यात कधी जागाच नव्हती, त्यांच्या दृष्टीने पुढचा अंक निश्चित निघणे हीच बंडखोरी होती. करार मोडण्याची चैन ज्याला करार देऊ केला गेला त्यालाच परवडते. उलट ढाले आणि नामदेव ढसाळ हे लघुअनियतकालिकांच्या वातावरणातूनच १९७२च्या दलित पँथरपर्यंत गेले, हेही तितकेच खरे. म्हणून नियत आणि अनियत हे द्वंद्व आधुनिक विरुद्ध पारंपरिक असे लावता येत नाही. कोणाला कशाची उणीव होती, ह्यावर त्याचा अर्थ ठरतो.

वाङ्मयीन व्यवस्थेने ह्या पानांना उशिरा ओळखले. कायद्याने त्यांना आधीच ओळखले होते. १८६७च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यातील ‘मुद्रण’ ह्या शब्दाच्या व्याख्येत सायक्लोस्टाइलचाही समावेश होता, आणि छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रक व प्रकाशक ह्यांची नावे व ठिकाणे देणे बंधनकारक होते. अंकाच्या तळाशी ‘छापून प्रसिद्ध केले’ ह्या शब्दांनी संपणारी ओळ वाचक सहसा वाचत नाही. पण साहित्यकृतीची जबाबदारी कोणाकोणात वाटली आहे, हे तीच सांगते. स्वतः लिहून, कापून, छापून, वाटणाऱ्या लेखकाने ही वाटणी मोडीत काढली.

ती मोडल्याने काय साधते, हे वसंत दत्तात्रेय गुर्जर ह्यांच्या ‘गांधी मला भेटला’ ह्या कवितेच्या खटल्यावरून उलट बाजूने दिसते. पोस्टरच्या रूपात आधीच प्रसिद्ध झालेली ही कविता १९९४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, माफी मागितलेली असल्याने, प्रकाशक आणि मुद्रक ह्यांना मोकळे केले. कवीवरील कार्यवाही मात्र पुढे चालू ठेवली. प्रकाशनव्यवहारातील श्रमविभागणी ही संकटाच्या वेळी जबाबदारीची विभागणीही असते, आणि तिच्या शेवटी कवी एकटाच उरतो. मुद्रक, प्रकाशक आणि कवी ह्यांनी एकत्र उभे राहण्याची जी नैतिक शक्यता लघुअनियतकालिकांनी निर्माण केली होती, तिचे मोल ह्या निकालानंतर अधिक कळते.

शहाणे ह्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. ‘प्रास’च्याच ‘भिजकी वही’ला २००५मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चक्रमुद्रित पानांची परिणती अशा देखण्या ग्रंथांत झाली, हा त्या चळवळीचा विजयच आहे. तथापि समीक्षा आज जी संहिता वाचते ती ग्रंथातील आहे. शेजारच्या कवितेचा संदर्भ, हाताने काढलेले शीर्षक, पुसट झालेली ओळ, तळाची नावे हे सारे ग्रंथात येताना गळून पडते. सायक्लोस्टाइलची शाई आणि तिला लागणारा सच्छिद्र कागद दीर्घायुषी नसतात. वर्गणीदारच नसलेल्या अंकांचे संच ग्रंथालयांत आपोआप साठतही नाहीत. त्यामुळे साठोत्तरी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आधी ती पाने शोधावी लागतील, आणि शोधल्यावर कविता उतरवून घेण्यापूर्वी तळाची ओळ वाचावी लागेल.