विषादाचा योग : चिरगावचे गुप्त बंधू आणि भावनिक धृतीचा प्रश्न

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे. धनुष्य टाकून रथात बसलेल्या योद्ध्याच्या हतबलतेलाही येथे योगच म्हटले जाते. २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने होणाऱ्या चर्चेत आसन, प्राणायाम आणि मनःशांती यांवर भर असतो. विषाद दूर करावयाचा विकार ठरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील भारतीय साहित्यात मात्र योगाची चर्चा प्रामुख्याने गीतेच्या अंगाने झाली. आघातानंतर पुन्हा सावरण्याच्या ज्या क्षमतेचा विचार आजचे मानसशास्त्र करते, तिच्यासाठी गीतेच्या परिभाषेतील ‘धृती’ हा शब्द जवळचा आहे. ही धृती दुःख आवरून येते की दुःखाला वाणी देऊन, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा साहित्यिक पुरावा झाशी जिल्ह्यातील चिरगाव या लहान गावात सापडतो.

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती नेवाळकरांची आणि राणी लक्ष्मीबाईंची म्हणून. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्याच परिसरातील चिरगावचे स्थान वेगळ्या कारणाने आहे. मैथिलीशरण गुप्त (१८८६–१९६४) आणि त्यांचे धाकटे बंधू सियारामशरण गुप्त (१८९५–१९६३) हे दोन्ही कवी याच गावचे. वैष्णव संस्कारांच्या या व्यापारी कुटुंबाने गावातच ‘साहित्य सदन’ ही प्रकाशनसंस्था चालविली. दोघांच्याही वाट्याला मृत्यू वारंवार आले. मैथिलीशरणांना दोन पत्नींचा व अनेक अपत्यांचा वियोग सोसावा लागला. सियारामशरणांनीही पत्नी व अपत्ये गमावली. शिवाय दम्याचा विकार त्यांना आयुष्यभर जडला होता. १९२५ मधील त्यांच्या काव्यसंग्रहाचे नावच ‘विषाद’ असे आहे. हाच कवी पुढे ‘गीता-संवाद’ या नावाने गीतेचा समश्लोकी हिंदी अनुवाद करतो. ‘विषाद’ ते ‘गीता-संवाद’ हा लेखनप्रवास गीतेच्या अध्यायक्रमाशी जुळणारा आहे. दुःखाचा स्वीकार आधी येतो, समत्वाचा विचार त्यानंतर.

मैथिलीशरणांनी हाच प्रश्न प्रबंधकाव्यातून हाताळला. रामकथेतील ऊर्मिलेकडे कवींनी केलेल्या दुर्लक्षाची जाणीव प्रथम रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘काव्येर उपेक्षिता’ या निबंधातून करून दिली आणि महावीरप्रसाद द्विवेदी यांनी १९०८ मध्ये ‘सरस्वती’ मासिकातून ती हिंदीत आणली. १९३१ च्या ‘साकेत’ या बारा सर्गांच्या महाकाव्यात गुप्तांनी तिला केंद्रस्थानी ठेवले. लक्ष्मण वनात तप करतो, पण ऊर्मिलेच्या चौदा वर्षांना परंपरेने तपाचे नाव दिलेले नव्हते. नववा सर्ग संपूर्णपणे तिच्या विरहाचा आहे. संस्कृत व रीतिकालीन काव्यातील विरहिणी ऋतूंना आणि चंद्राला दोष देते. ऊर्मिला मात्र आपल्यासारख्याच प्रोषितपतिकांना निमंत्रण पाठवू पाहते, म्हणजे स्वतःच्या वेदनेतून इतरांच्या वेदनेकडे वळते. याचे फलित बाराव्या सर्गात दिसते. लक्ष्मणाला शक्ती लागल्याची वार्ता येऊन अयोध्येचे सैन्य लंकेकडे निघण्यास सिद्ध होते, तेव्हा तीच पुढे येते आणि शत्रूचे सोने लुटून आणू नका असे सैनिकांना बजावते. दीर्घकाळ रडलेली ही स्त्री ऐन संकटात सर्वांत स्थिर असते. नवव्या सर्गावाचून बाराव्या सर्गातील हे स्थैर्य निराधार ठरले असते.

नेमका याच ठिकाणी एक मतभेद उभा राहिला. १९३२ मध्ये गांधी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. ‘साकेत’ वाचून त्यांनी तेथून कवीला पत्र लिहिले. काव्याविषयी आदर व्यक्त करतानाच ऊर्मिलेच्या विषादाच्या औचित्याबद्दल त्यांनी शंका उपस्थित केली. गीतेचा ‘अनासक्तियोग’ या नावाने अनुवाद १९३० मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या गांधींची ही शंका स्वाभाविक होती. रामभक्तांच्या घरात शोकाला एवढी जागा असावी काय, हा तिचा आशय. गुप्त गांधींचे अनुयायी होते, तरी नववा सर्ग काव्यात कायम राहिला. त्यानंतर आलेल्या ‘यशोधरा’ (१९३२) या चंपूकाव्यातही त्यांनी भूमिका सोडली नाही. सिद्धार्थ न सांगता गेला, हे यशोधरेचे शल्य आहे. ते शल्य बाळगूनच ती राहुलाला वाढविते. बुद्ध कपिलवस्तूस परततात तेव्हा त्यांच्याकडे धाव घेत नाही, तेच तिच्याकडे येतात, आणि मग ती पुत्रही त्यांच्या स्वाधीन करते. संन्याशाच्या योगाबरोबर गृहिणीच्या योगाची ही प्रतिष्ठापना आहे. १९५७ च्या ‘विष्णुप्रिया’त चैतन्यांच्या पत्नीच्या रूपाने हाच विषय पुन्हा येतो.

त्याच वर्षी, १९३२ मध्ये, मराठीतही या प्रश्नाचा विचार एका तुरुंगात चालू होता. २१ फेब्रुवारीपासून विनोबा भावे यांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. विनोबांची ‘गीताई’ही याच काळातली. संस्कृत गीता न कळणाऱ्या, १९१८ मध्ये निवर्तलेल्या आईची इच्छा तिच्यामागे होती. गीतेला त्यांनी दिलेल्या नावातच आई आहे. समत्वाचे हे विवेचन अक्षरशः टिपून घेणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. अनासक्तीचा पाठ आणि मराठीतील सर्वाधिक अश्रूंचे पुस्तक एकाच हातून, जेमतेम एका वर्षाच्या अंतराने उतरावे, ही विसंगती वाटते. चिरगावच्या काव्याच्या प्रकाशात मात्र ती तशी राहत नाही. विषाद हा योगाचा पहिला अध्याय मानला, तर दोन्ही लेखने एकाच साधनेची अंगे ठरतात.

तथापि या साधनेला यशाची हमी मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९५० मध्ये साने गुरुजींनी स्वतःचे जीवन संपविले. गीता ज्याच्या लेखणीतून उतरली, त्यालाही दुःखाने गाठले. म्हणून धृती ही एकदा कमावून ठेवावयाची वस्तू नाही. तिला सोबत लागते. ऊर्मिलेने इतर विरहिणींना दिलेल्या निमंत्रणाचे मर्म येथे अधिक स्पष्ट होते. गुप्त बंधूंनाही एकमेकांचा आणि एकत्र कुटुंबाचा आधार होता. मैथिलीशरणांनी राजकीय कसोटीही पाहिली. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले. त्याच आंदोलनाच्या काळात, १९४१ मध्ये, गुप्तांना अटक होऊन कारावास भोगावा लागला.

हिंदी प्रबंधकाव्य आणि मराठी गीतागद्य यांचा अभ्यास आजवर बहुधा स्वतंत्रपणे होत आला आहे. येरवड्याहून चिरगावला गेलेले पत्र लक्षात घेतले, तर ही दोन्ही एकाच वादाची अंगे असल्याचे दिसते. दुःखातही कर्तव्य सुटू नये, याबद्दल गांधी व गुप्त यांच्यात दुमत नव्हते. मतभेद एवढाच होता की कर्तव्याकडे जाताना रडण्यास अवकाश द्यावा की नाही. चिरगावच्या कवीने तो अवकाश दिला, आणि त्यासाठी एक संपूर्ण सर्ग खर्च केला.