एकच माप : ताराबाई शिंदे आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’



समाजाने स्त्रीपुरुषांना ज्या भूमिका वाटून दिल्या आणि साहित्याने त्या जशा रंगविल्या, त्यांचा इतिहास एका व्याख्यानात मावणारा नाही. म्हणून मी एकच लहानसे पुस्तक निवडले आहे. ते म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे, १८८२ साली पुण्यात छापलेले ‘स्त्रीपुरुषतुलना’.

बुलढाणा कटंगीपासून दूर असले तरी परके नाही. ताराबाईंनी पुस्तक लिहिले तेव्हा वऱ्हाड हा निजामाच्या मालकीचा, परंतु इंग्रजांच्या कारभाराखालील मुलूख होता. १९०३ साली तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ बालाघाट व बुलढाणा हे एकाच प्रांताचे जिल्हे राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बुलढाणा मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. राज्याची सीमा हलली. मराठी वाचणाऱ्याचा वारसा मात्र अशा सीमेने दुभंगत नाही.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलींसाठी शाळा हीच अपूर्वाई असलेल्या त्या काळात त्यांनी कन्येला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. या शिक्षणाचे फळ म्हणजे हे पुस्तक. त्याच्या पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

पुस्तकाला निमित्त झाले ते एका खटल्याचे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ती शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली व नंतर तीही कमी झाली. वृत्तपत्रांत वादळ उठले. ‘पुणेवैभव’ पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवरच आघात केला. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. अशा विधवांसाठी जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तरीही समाजाच्या दृष्टीने अपराध एकट्या स्त्रीचाच होता. मूल दोघांचे, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती एकटी. दुसऱ्याचे नाव कोणी विचारले नाही.

ताराबाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला. स्त्रिया सर्वगुणसंपन्न असतात, असा त्यांचा दावा नाही. कपट, चंचलता, अविचार असे जे दुर्गुण शास्त्रीपंडितांनी स्त्रियांच्या माथी मारले, ते त्या एकेक करून हाती घेतात आणि विचारतात की हेच दुर्गुण पुरुषांत नाहीत काय? ग्रंथाच्या नावातील ‘तुलना’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. तुलना म्हणजे तराजू. दोन्ही पारड्यांना एकच वजन लावणे. सावित्रीने पतीसाठी यमाचा पाठलाग केला, ही कथा पतिव्रतेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. मग पत्नीसाठी तसे करणारा पुरुष कोणत्या पुराणात आहे? इंग्रजी पेहराव आणि चालीरीती पुरुष खुशाल उचलतात आणि धर्म राखण्याचा भार मात्र स्त्रियांवर टाकतात, याकडेही त्यांनी बोट दाखविले आहे.

ताराबाईंचा रोख केवळ धर्मशास्त्रावर नव्हता; मराठीतील नवजात ललित साहित्यावरही होता. रामजी गणोजी यांचे ‘स्त्रीचरित्र’, ‘मनोरमा’ हे नाटक, ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या यांचा त्यांनी परखड समाचार घेतला आहे. ही पात्रे पुरुषाच्या भयातून आणि इच्छेतून जन्मली आहेत. घराघरांत राबणाऱ्या, सोसणाऱ्या बायकांशी त्यांचे नाते नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे. समाजातील स्त्री आणि पुस्तकातील स्त्री यांतील अंतर मोजणारी मराठीतील ही पहिल्या काही समीक्षांपैकी एक होय.

आपली भाषाही या दुहेरी मापाची साक्ष देते. ‘स्त्रीचरित्र’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात कावेबाजपणा येतो. ‘पुरुषचरित्र’ असा शब्दच आपण घडविला नाही. विधवेसाठी असलेला जुना शब्द शिवी होऊन बसला, विधुराचे तसे झाले नाही. विधवेने दुसरा घरोबा केला तर तो ‘पाट’. पुरुष दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला तर तो ‘बिजवर’ आणि त्याचे मात्र ‘लग्न’च.

या पुस्तकाचे पुढे काय झाले? त्यावर टीकेची झोड उठली. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. परंतु त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही आणि हेही विस्मृतीत गेले. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. पुस्तक जाळावेच लागते असे नाही. ते वाचले नाही तरी पुरते.

या त्र्याण्णव वर्षांत स्त्रीचे चित्र कोण रंगवीत होते? रंगभूमीवर तर पुरुष अक्षरशः स्त्री होऊन उभा होता. आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीत लुगडे नेसून नाचणारा पुरुषच असे. तिकडे ‘मानापमान’ (१९११) मधील बालगंधर्वांची भामिनी पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. बालगंधर्वांची कला थोर होती, यात शंका नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता पुरुषाने कल्पिलेली स्त्री हीच खऱ्या स्त्रीचा आदर्श झाली, हे ध्यानात घ्यावयास हवे. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि त्याच वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, अविवाहित मुलींची व्यथा सांगणाऱ्या त्या लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव घ्यावे लागले. ताराबाईंनी एकावन्न वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाने लिहिले होते, हे आठवले म्हणजे त्यांच्या धैर्याची किंमत कळते.

आता आपल्या गावाकडे वळू. धानाच्या रोवणीला चिखलात दिवसभर वाकून उभ्या असतात त्या बाया. पण ‘शेतकरी’ म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर नांगरामागचा पुरुष येतो. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण ‘चांगली’ आणि वाटा मागणारी ‘भांडखोर’ ठरते. भावाने आपला वाटा घेतला तर त्याला कोणी काही म्हणत नाही. आपल्या राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यासोबत ‘सरपंचपती’ हा शब्द रूढ झाला. पुरुष सरपंचाच्या बायकोसाठी तसा शब्द लागला नाही, कारण तिने नवऱ्याची खुर्ची घेतल्याचे कोणी पाहिलेले नाही. ताराबाईंचा तराजू येथेही तितकाच उपयोगी आहे.

काळ पुष्कळ बदलला, हे मान्यच केले पाहिजे. या सभागृहात मुली बसल्या आहेत, हीच त्याची खूण. पण शिक्षण म्हणजे केवळ मुलींना वर्गात बसविणे नव्हे. वर्गात जे वाचले जाते त्यात त्यांना काय करताना दाखविले आहे, हेही पाहावे लागते. म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. कोणताही धडा, कथा वा म्हण शिकविताना त्यातील स्त्रीच्या जागी पुरुष आणि पुरुषाच्या जागी स्त्री घालून मुलांना वाचावयास सांगा. वाक्य विपरीत वाटले, तर विपरीतपणा कोठे आहे याचा शोध मुलांनाच घेऊ द्या. हा प्रयोग मुलग्यांसाठी अधिक अगत्याचा आहे. कारण आम्हा पुरुषांना आपले झुकते पारडे सहसा दिसत नाही.

आणि शाळेच्या ग्रंथालयात ‘स्त्रीपुरुषतुलना’ची एक प्रत असावी, कपाटात बंद नव्हे, तर मुलांच्या हाती. ते पुस्तक एकदा त्र्याण्णव वर्षे न वाचता राहिले. पुन्हा तसे होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.